पहिला हात

दादर स्टेशनबाहेर, सकाळी सातच्या सुमाराला. देवगिरी एक्स्प्रेसने परभणीहून आलेलं एक जोडपं टॅक्सीच्या रांगेत माझ्यापुढे उभं होतं. काकांनी गळ्याभोवती उपरणं गुंडाळून तोंडापर्यंत ओढलेलं. मावशींच्या काखेत कापडी पिशवी, तिच्यातून डोकावणारा एक्स-रेचा लखोटा. मलाही त्याच बाजूला जायचं होतं, म्हणून म्हटलं, एकाच टॅक्सीत जाऊ. ड्रायव्हरने पत्ता विचारलाच नाही. लखोट्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "टाटा ना?"

वाटेत मावशी सांगत होत्या. काकांच्या गालात आतून जखम. "आधी दातवाल्याकडं दाखवलं, त्यानं मलम दिलं. मग ताकदीच्या गोळ्या झाल्या. मग एकानं दाढ काढली, ती जागा काही भरंना. मग मोठ्या दवाखान्यात ती गाठ कापून काढली. दोन महिन्यांत पुन्हा आली."

"पहिल्यांदा कधी दिसलं?"

"संक्रांतीच्या आधी."

आता श्रावण लागला होता. या सात महिन्यांत काका कुठेच गेले नव्हते असं नाही. चार ठिकाणी गेले होते.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'उशीर' हा विषय दिला तेव्हा मी कॅन्सरच्या डॉक्टरांबद्दल लिहीन म्हटलं. मनात होतं ते घाबरून घरी बसलेल्या माणसांबद्दल लिहायचं. तशी माणसं आहेतच. पण गेले तीन महिने परळ, पुणे, बार्शी असं फिरल्यावर मला जास्त दिसली ती काकांसारखी माणसं. वेळेवर घराबाहेर पडलेली, पण योग्य दारात सगळ्यात शेवटी पोचलेली.

स्लाइड आणि ब्लॉक

'टाटाला नेलं' हे वाक्य आपल्याकडे आवाज खाली करूनच बोललं जातं. आडनावाचं रुग्णालय झालं आणि रुग्णालयाचं आजाराचं नाव झालं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, सर दोराबजी पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हे रुग्णालय सुरू केलं. १९६२ पासून त्याचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे आहे. ज्यांचं नाव समोरच्या रस्त्याला आहे ते डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मूळचे गोव्याचे, इथलेच शल्यविशारद. पण हा इतिहास कुणी रांगेत उभं राहून आठवत नाही. रांगेत आठवते ती रेशन कार्डाची झेरॉक्स.

केसपेपर, तपासणीची वाट, नाव पुकारणं यात अर्धा दिवस गेला. काकांना बघणारा डॉक्टर तिशीचा असेल. मावशींनी पिशवीतून सगळं काढून टेबलावर मांडलं. त्याने कागद चाळले आणि विचारलं, "स्लाइड आणि ब्लॉक कुठे आहेत?"

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या.

शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून त्याची लहानशी वडी करतात, तो ब्लॉक. त्या वडीचा केसाहून पातळ काप काढून, रंगवून काचेवर चढवतात, ती स्लाइड. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघणारा पॅथॉलॉजिस्ट जे लिहितो त्यावर पुढचं सगळं उभं राहतं. दुसऱ्या गावाहून आणलेल्या रिपोर्टवर विसंबून कॅन्सरचा डॉक्टर सहसा सुरी उचलत नाही. काच आपल्या लोकांकडून पुन्हा वाचून घेतो. त्या वाचनात कधी आजाराचं नावच बदलतं, आणि नाव बदललं की औषध बदलतं. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, त्यातून नवे काप काढून नव्या चाचण्या करता येतात. म्हणून तो रुग्णाचा ऐवज आहे. आपण एक्स-रे गादीखाली जपतो आणि ब्लॉक कुठल्याशा प्रयोगशाळेत विसरून येतो.

काकांच्या पुतण्याने त्या दिवशी परभणीत तीन ठिकाणी फोन केले. गाठ कापली होती ते सगळ्यांना आठवत होतं. तपासायला कुठे पाठवली, हे सांगायला चार दिवस लागले.

पिशवी कुठे आहे?

हा प्रश्न मी आधी एकदा ऐकला होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्या आत्याच्या अंगावरून सारखं जात होतं. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांनी पिशवीला सूज आहे, काढून टाकू, म्हणून सांगितलं. ऑपरेशन झाल्यावर स्टीलच्या ताटलीत पिशवी बाहेर आणून माझ्या काकांना दाखवली. त्यांनी मान डोलावली. ताटली आत गेली. त्यानंतर तिचं काय झालं हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. आठ महिन्यांनी पुन्हा रक्त जायला लागलं. तेव्हा आम्ही तिला कॅन्सरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "पिशवी कुठे आहे? तिचा रिपोर्ट?"

आत्याला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. पिशवी काढायच्या आधी तिथे साधी नळी घालून कुणी बघितलं असतं, चिमूटभर तुकडा काढून तपासला असता, तर तो कळला असता. त्या वेळी कळून काय फरक पडला असता, याचं उत्तर मला या लेखाच्या निमित्ताने एका किरणोपचार तज्ज्ञ बाईंनी दिलं. त्यांनी कागदावर उलट्या नासपतीसारखं गर्भाशय काढलं. हा आजार अगदी लवकरचा असेल तर ऑपरेशन, पण ते साध्या पिशवीच्या ऑपरेशनसारखं नसतं. आजूबाजूचा भाग आणि लसिकाग्रंथी धरून काढावं लागतं. आजार थोडा पुढे गेलेला असेल तर ऑपरेशन करायचंच नसतं. बाहेरून शेक, सोबत किमो, आणि मग आतून शेक. आतून शेक देताना किरणांची नळी गर्भाशयाच्या पोकळीत ठेवतात, म्हणजे आजाराच्या अगदी मधोमध. "पिशवीच काढून टाकली," त्या पेन खाली ठेवत म्हणाल्या, "तर मी नळी ठेवू कुठे?"

वीस-पंचवीस वर्षं आम्ही घरात 'आत्याला उशीर झाला' असं म्हणत आलो. आत्याने उशीर केला नव्हता. पहिल्या महिन्यातच ती दवाखान्याच्या बाकावर बसली होती.

पिशवी काढणं आपल्याकडे किती सोपं झालंय ते २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांमुळे विधिमंडळातही गाजलं. त्या चर्चेत मजुरी होती, खाडे होते, पैसे उकळणं होतं. ते सगळं खरंच. पण काढलेल्या पिशव्यांपैकी किती तपासल्या गेल्या, हा प्रश्न मला कुठे ऐकू आला नाही.

बैठकीतले सातजण

पुण्यातल्या एका रुग्णालयात मला ट्यूमर बोर्डाच्या बैठकीत मागच्या खुर्चीवर बसू दिलं. अट एकच, कुणाचं नाव लिहायचं नाही. बुधवार, सकाळचे आठ. खोलीत अंधार, भिंतीवर पडदा, टेबलावर चहा आणि पार्ले-जी. सातजण डॉक्टर. पडद्यावर शेहेचाळीस वर्षांच्या माणसाच्या जबड्याचा स्कॅन. तोंड दोन बोटंच उघडतं. सुपारी, मावा.

कॅन्सरचा डॉक्टर म्हणजे एकच माणूस असं आपण धरून चालतो. इथे कळतं की ती एक पंगत आहे. कापणारा सर्जन वेगळा, किमो आणि गोळ्या देणारा वेगळा, शेक देणारा वेगळा. पहिल्याच्या पाटीवर बहुधा एम.सीएच. असतं, दुसऱ्याच्या डी.एम., तिसऱ्याच्या एम.डी., आणि त्यापुढे ज्याचा त्याचा विषय लिहिलेला असतो. नुसतं 'कॅन्सर तज्ज्ञ' वाचून आत शिरू नये, यांपैकी कोण ते बघावं. या तिघांइतकेच महत्त्वाचे दोघे रुग्णाला कधी भेटतच नाहीत. एक स्कॅन वाचणारा, दुसरा काच वाचणारा. त्या दिवशी सगळ्यात जास्त बोलले ते हे दोघेच.

"हाड धरलंय का?" सर्जनने विचारलं.

"वरचा काठ खाल्लाय. आतली पोकळी अजून मोकळी आहे."

मग जबड्याचं किती हाड काढायचं यावर पाच मिनिटं गेली. प्लास्टिक सर्जन म्हणाला, सलग तुकडा काढणार असाल तर मी पायातलं हाड आणून बसवतो, पण मग ऑपरेशन दहा तासांचं. शेकवाले म्हणाले, आधी दंतवैद्याला दाखवा, किडलेले दात आत्ताच काढा. शेक लागलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड भरून येत नाही, सडतं. किमोवाल्या बाई पहिल्यांदा बोलल्या त्या इतकंच, "माझं काम ऑपरेशननंतरचा रिपोर्ट बघून. कदाचित लागणारही नाही."

कॅन्सर म्हणजे किमो, असं डोक्यात घेऊन आलेल्यांनी हे वाक्य ऐकायला हवं होतं.

मानेच्या गाठींचा प्रश्न मात्र कुणी चर्चेला घेतलाच नाही. त्या काढायच्याच, हे धरून चालले होते. चहा पिताना मी कारण विचारलं. तोंडाचा कॅन्सर लहान असेल आणि मानेत हाताला काही लागत नसेल, तर मान आत्ताच साफ करायची की गाठ दिसेपर्यंत थांबायचं, यावर जगभर अनेक वर्षं वाद होता. त्याचं उत्तर परळला मिळालं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट करून हेच तपासलं आणि २०१५ साली निष्कर्ष छापले. पहिल्याच ऑपरेशनमध्ये मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. शंभरातली बारा माणसं केवळ पहिलं ऑपरेशन कसं केलं यावर जगली.

परभणीला काकांची नुसती गाठ कापली होती. मानेला कुणी हातही लावला नव्हता.

सर्जनने मला आणखी एक गोष्ट सांगितली. मांडीत, दंडात खोलवर गाठ येते. चरबीची असेल म्हणून कुणीतरी आडवा छेद घेऊन काढून टाकतो. तिच्यातून मांसाचा कॅन्सर निघाला तर तो आडवा छेद, त्याच्या आतला सगळा मार्ग, टाक्यांच्या भोकांसकट पुन्हा कापावा लागतो. नुसता तुकडा घ्यायचा असला तरी सुई कुठून घालायची, हे पुढचं ऑपरेशन डोळ्यांपुढे ठेवून ठरवावं लागतं. "लोक आम्हाला विचारतात तुमचा हात कसा आहे," तो म्हणाला, "विचारायचं ते, माझ्या आधी कुणाचा हात लागला."

बैठकीत त्या माणसाला नऊ मिनिटं मिळाली. घड्याळ लावून मोजली. एरवी सात डॉक्टरांकडे फिरायला त्याला दोन महिने लागले असते.

जाता जाता: घरी 'ग्रेड'ला 'स्टेज' समजून रडारड होते. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते. स्टेज म्हणजे आजार किती पसरलाय ते. काचेवर ग्रेड तीन आणि स्टेज एक, असं खुशाल असू शकतं.

बार्शीचे लोक

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला मी मुद्दाम गेले. भगवंताच्या देवळामुळे गाव ओळखीचं, पण जगभरच्या कॅन्सरच्या संशोधनात बार्शीचं नाव येतं ते निराळ्या कारणाने. इथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. शहरात नोंदणी करायची तर रुग्णालयांची दप्तरं तपासली की भागतं. इथे दप्तरच नव्हतं, कारण आजारी माणूस रुग्णालयात येतच नव्हता. मग नोंदणीचे लोक गावोगाव जायला लागले. पारावर, देवळात, बायकांमध्ये बसायचे, अंगावरून जाणं, न भरणारी जखम, गाठ यांबद्दल बोलायचे, आणि शंका असेल त्याला बार्शीला घेऊन यायचे.

निघाले होते मोजायला, पण घडलं निराळंच. काही वर्षांत डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात यायला लागल्या आहेत. नवं मशीन आलं नव्हतं, नवं औषध आलं नव्हतं. कुणीतरी घरी येऊन विचारत होतं, एवढाच बदल.

मग १९९९च्या सुमाराला शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग उभा राहिला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३० हजारांहून जास्त बायका. डॉ. बी. एम. नेने आणि बार्शीची मंडळी, परळची मंडळी, आणि बाहेरून डॉ. शंकरनारायणन. २००९ साली निष्कर्ष आले: एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली, तरी वाढलेला कॅन्सर आणि त्यामुळे होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने तर व्हिनेगरसारख्या पातळ अॅसिडचा बोळा आणि दहावीपर्यंत शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या बायका, एवढ्यावर या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी करून दाखवले.

या दोन्ही प्रयोगांत पहिला हात कॅन्सरच्या डॉक्टरचा नव्हता. पण ज्याचा होता त्याला पुढे कुणाकडे पाठवायचं ते पक्कं माहीत होतं.

तीन आठवडे

मग जायचं कधी? मी भेटले त्या जवळजवळ प्रत्येक डॉक्टरने 'तीन आठवडे' हे शब्द कधी ना कधी उच्चारले. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत जात नसेल, आवाज तीन आठवडे बसलेलाच असेल, मानेतली गाठ तीन आठवडे टिकून असेल, तर चौथं मलम आणायचं नाही, तपासून घ्यायचं. काही गोष्टींत तीन आठवडेही थांबायचं नाही. पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला पुन्हा रक्त दिसलं, छातीत गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, तर तो आठवडा ओलांडू नये. शौचातून रक्त पडलं की आपण मूळव्याध म्हणून मोकळे होतो. बहुतेकदा ती असतेही. पण चाळिशीनंतर सुरू झालेली, सवयच बदलून टाकणारी 'मूळव्याध' डॉक्टरने बोट घालून तपासलेली असावी, इतकं तरी पाहावं.

आणि दुखतंय का, हा निकष सोडून द्यावा. "दुखत नव्हतं ना, म्हणून राहिलं," हे वाक्य माझ्या वहीत अकरा वेळा आहे.

यासाठी थेट परळ गाठायचं कारण नाही. तोंडासाठी दंतवैद्य किंवा कान-नाक-घशाचा डॉक्टर, खालच्या तक्रारीला स्त्रीरोगतज्ज्ञ, नाहीतर जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय. सुईने वा चिमट्याने घेतलेला तुकडा तिथे तपासता येतो. सुई लागली की कॅन्सर पसरतो ही भीती बहुतेक गाठींबाबत निराधार आहे. पसरतो तो न तपासता ठेवल्याने. पण संशय बळावला, किंवा कुणी 'कापून टाकू, मग बघू' म्हणालं, की तिथे थांबायचं आणि कापण्याआधी कॅन्सरच्या सर्जनला दाखवायचं. तो परळलाच असतो असं नाही. २०१२ साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज देशभरची ३००हून जास्त केंद्रं आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते, तिथे रेशन कार्ड आणि आधार घेऊन उभं राहायचं, आणि तेही पैसे भरण्याआधी.

गाडगेबाबांच्या अंगणात

काका-मावशींना मी पुन्हा भेटले ती दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं इथे नाममात्र पैशांत राहतात. अंगणात दोरीवर उपरणी वाळत होती, कुणी नाकातल्या नळीतून पेज सोडत होतं, आणि आठवड्याचे मुरलेले लोक नव्यांना शहाणं करत होते. किमोनंतर ताप १००.४ झाला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, रात्री दोन वाजले तरी रुग्णालयात जायचं, हे मी पहिल्यांदा डॉक्टरांकडून नाही, इथल्या एका वाशीमच्या ताईंकडून ऐकलं. कॅन्सरच्या वेदनेचे वेगळे डॉक्टर असतात, हेही इथेच. त्यांच्याकडे पाठवलं म्हणजे आशा सोडली असं घरचे धरतात आणि रुग्णाला विनाकारण कण्हत ठेवतात. मॉर्फिनची गोळी उपचार चालू असतानाही घेता येते.

परभणीचा ब्लॉक अखेर सापडला होता. काच पुन्हा वाचली गेली, ऑपरेशन झालं. या वेळी मान साफ केली, जबड्याचा काठही काढला. मानेच्या एका गाठीत आजार निघाला, म्हणून शेक. त्यासाठी गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून काकांचा साचा घेतला. रोज तोच साचा चढवून, टेबलाला अडकवून, काही मिनिटं निजवतात, म्हणजे किरणांचा नेम चुकत नाही. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, एकूण ३० वेळा.

काकांना बोलता येत होतं, थोडं बोबडं. मी विचारलं, गावाकडे कुणाला काय सांगाल? त्यांनी मावशींकडे बोट दाखवलं. मावशींनी गादीखालून एक प्लास्टिकची डबी काढली. आत ब्लॉक, चिकटपट्टी लावलेला, वर बॉलपेनने नंबर.

वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात यापुढे कुणाचीही गाठ, पिशवी, चामखीळ, काहीही कापलं गेलं, तर ते तपासायला पाठवलं का ते त्याच दिवशी विचारा, आणि रिपोर्ट हातात आल्याशिवाय टाके काढायला जाऊ नका. घरात कुणाचा जुना ब्लॉक प्रयोगशाळेत पडून असेल तर दिवाळीची साफसफाई उरकली की तो घेऊन या.

हा मजकूर छापायला जाताना काकांचे ३० पैकी ११ शेक झाले आहेत. लक्ष्मीपूजन दादरलाच होईल.